चौसष्ट, इकडे-तिकडे तीन

*मला व्हायचंय:* मोजमाप तपासनीस.

*त्यासाठी काय लागतं:* डोळा, स्थिर हात, भूमिती, कंटाळा न येणं.

*त्यातलं माझ्याकडे काय आहे:* डोळा बरा. उजवा हात स्थिर, डावा थोडा हलतो. भूमिती चांगली, बीजगणितात घसरते. एकाच गोष्टीकडे दोन तास बघू शकते आणि तरी तिचा राग येत नाही.

*काय नाही:* पटकन बोलणं. पाठांतर.

*अंतिम परीक्षेत अपेक्षित टक्के:* ६४, इकडे-तिकडे ३.

*पालकांची सही:*

सही अजून व्हायची होती. कागद शाळेचा, पेन्सिल टर्नरच्या वर्कशॉपमधली आणि अक्षर त्याच्या मुलीचं, बारकीचं. सोळा वर्षांची झाली तरी तिला घरीदारी बारकीच म्हणत. ती इतकं दाबून लिहायची की पाठच्या कोऱ्या पानालाही मजकूर कळावा.

हा कागद पुढे पुसला गेला. कोणी पुसला ते लपवण्यात अर्थ नाही: तिच्या बापानं. पण त्यानं केलं ते केवढं मोठं पाप होतं हे कळायला आधी एक लोखंडी कपाट बघावं लागेल.

•

गल्लीच्या टोकाला वर्कशॉप. तीन लेथ, एक ड्रिल, कोपऱ्यात वेल्डर आणि त्याची बडबड. जमिनीवर लोखंडाचे कुरळे कीस, हवेत तेलाचा वास. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड फिरवून कातणारा. दिवसभर शाफ्टचे दांडे नाहीतर बुशची नळकांडी काढायची, आणि महिन्याला एक खेप मोठ्या कारखान्याला द्यायची. मध्ये उभं हिरवं कपाट, त्याच्या दारावर खडूनं लिहिलेले आकडेच आकडे.

नियम उस्तादाचा. उस्ताद म्हणजे ज्यानं टर्नरला टर्नर केलं तो म्हातारा. म्हातारा गेला, लेथ राहिला आणि नियम राहिला: आधी बोल, मग मोज. कुठलाही तुकडा हातात आला की मायक्रोमीटर लावायच्या आधी त्याचं माप तोंडानं सांगायचं आणि दारावर लिहायचं. नुसता आकडा चालत नसे. आपण किती चुकू शकतो तेही लिहायचं. 'बावीस, इकडे-तिकडे अर्धा.' मग मोजायचं. हद्दीत बसलं तर ठीक, बाहेर गेलं तर सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. आणि कोणी चलाखी करून हद्द ऐसपैस ठेवली की वेल्डर ओरडायचा, "अरे, एवढ्या फटीतून हत्ती जाईल, पिलासकट!"

दुसरा नियम त्याहून कडक होता. लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं तर वरून एक रेघ मारायची, पण खालचा आकडा दिसला पाहिजे. महिनाअखेर दार धुवायचं, तेही सगळ्यांच्या देखत. चुकणाऱ्याला उस्तादानं कधी शिवी दिली नाही. पुसणाऱ्या एकाला मात्र त्यानं त्याच दिवशी घरी पाठवलं होतं, आणि तो त्याचा सख्खा भाचा होता.

बारकीची आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात दुपारपाळीला जायची, म्हणून पोरगी सहाव्या वर्षापासून शाळा सुटली की इथेच. पहिलं वर्षभर तिनं कपबशा विसळल्या. दहाव्या वर्षी एक दिवसाआड. तेराव्या वर्षी वेल्डर विसळायला लागला आणि म्हणाला, "ही पोरगी माझ्या म्हातारपणाची वाट लावणार."

मग ती खोडच लागली. बस किती वेळात येईल? "सात मिनिटं, इकडे-तिकडे दोन." मावशी किती वेळ बसणार? "अर्धा तास म्हणतेय, म्हणजे दोन तास. इकडे-तिकडे काही नाही." शाळेत पोरांनी नाव ठेवलं फूटपट्टी. तिनं ते मनावर घेतलं नाही. फूटपट्टीत काय वाईट आहे हे तिला खरंच कळलं नव्हतं.

•

"बसा ना. तुमची मुलगी हुशार आहे."

टर्नर सावरून बसला. त्याचा अनुभव असा होता की जे गिऱ्हाईक आधी स्तुती करतं ते मागाहून मोडका गिअर पुढे करतं.

शाळेच्या समुपदेशक बाईंनी कागद पुढे केला. "हे वाचलंत?"

"नाही."

"वाचा."

टर्नरनं वाचलं. मग परत वाचलं.

"चौसष्ट," बाई म्हणाल्या. "हो, पुढे काहीतरी इकडे-तिकडे आहे. मी वीस वर्षं मुलांकडून हा कागद भरून घेते. इतका खचलेला कागद मी पाहिला नाही. घरी काही ताण आहे का?"

"नाही हो. घरी काय ताण असणार?"

"मग हा न्यूनगंड कुठून आला?"

बाईंच्या टेबलावर बाकीचे कागद होते. त्यांनीच हिशेब सांगितला तो असा:

वर्गात मुलं, बेचाळीस.
पंच्याऐंशीच्या वर अपेक्षा ठेवणारी, एकोणचाळीस.
डॉक्टर, सतरा. इंजिनिअर, बारा. वैमानिक, पाच.
प्रसिद्ध, एक. कशासाठी ते अजून ठरायचं होतं.
गेल्या वर्षी पंच्याऐंशीच्या वर गेलेली मुलं, चार.

"आणि त्या एकोणचाळिसांचं काही नाही?" टर्नरनं भीत भीत विचारलं.

"त्यांच्यात जिद्द आहे!" बाई म्हणाल्या. "आभाळाला गवसणी घालायचं वय आहे हे. आणि तुमची पोरगी फूटपट्टी घेऊन बसलीय. घरी बोला तिच्याशी. समजावा. कागद दुरुस्त करून, सही करून आणा."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खरोखर काळजीनं सांगितलं, आणि काळजीनं सांगितलेलं बापाच्या काळजाला पटकन लागतं.

•

टर्नरचं म्हणाल तर त्याचा एक मजला होता. म्हणजे मोठ्या कारखान्यातला वरचा मजला, जिथे इंजिनिअर लोक बसून नकाशे काढतात. ते नकाशे खाली येतात आणि टर्नर त्याबरहुकूम लोखंड कातून देतो. नकाशात चूक असली तरी शिव्या खालच्याला. तीस वर्षं तो त्या मजल्याकडे मान वर करून बघत आला होता, आणि बारकी सात वर्षांची असताना त्यानं एकदा वेल्डरला सांगून टाकलं होतं, "आमच्या घरातली पहिली इंजिनिअर." मग ते गल्लीला कळलं. मग मावशीला कळलं, म्हणजे सगळ्यांनाच कळलं.

"काय म्हणाल्या बाई?" वेल्डरनं विचारलं.

"म्हणाल्या, हुशार आहे."

"मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

टर्नरनं लेथ चालू केला. सगळे जेवायला गेले तेव्हा तो लेथपाशी बसला, कागद गुडघ्यावर ठेवला, खोडरबर घेतलं आणि *मोजमाप तपासनीस* पुसून *इंजिनिअर* लिहिलं. *काय नाही* या रकान्यातलं सगळं पुसलं. मग ६४ पुसला, इकडे-तिकडे ३ पुसलं, आणि लिहिलं ८८. नव्वद लिहिणार होता. पण नव्वद खोटं वाटलं असतं.

मग सही केली.

बारकीशी बोलायचं त्यानं ठरवलं होतं. त्या दिवशी तिची चाचणी होती म्हणून बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ती खूश होती म्हणून बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच कागद शाळेत नेऊन दिला, आणि झाकली मूठ तशीच झाकलेली राहिली.

•

सहासष्ट.

•

"सहासष्ट!" बारकी दारातूनच ओरडली.

टर्नर जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "सहासष्ट?" त्यानं असं विचारलं जसं कोणी विचारतं, एवढाच पाऊस?

"अहो, असं काय करताय?" बारकीची आई म्हणाली. "चौसष्ट, इकडे-तिकडे तीन म्हणाली होती ना ती? एकसष्ट ते सदुसष्ट. बसलं की नाही बरोबर? शेजारच्या बंड्याचं बघा. नव्वद लिहिले होते, एकोणसाठ पडले. सकाळपासून दार लावून बसलाय लेकरू."

"आई, थांब, खरी गोष्ट पुढे आहे." बारकीनं खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. "मोठ्या कारखान्याची मोजमाप खोली. दोन वर्षांचं प्रशिक्षण, जागा सहा. बाबा, ऐका हां. 'किमान साठ टक्के. शाळेत भरून घेतलेल्या कागदावरचे अपेक्षित टक्के आणि प्रत्यक्ष टक्के यांतला फरक दहाच्या आत असावा. ज्याला स्वतःचं माप येत नाही त्याच्या हाती आम्ही दुसऱ्याचं माप देत नाही.' बाबा! हे माझ्यासाठीच लिहिलंय! माझा फरक दोन आहे, दोन! वर्गातल्या दुसऱ्या कुणाचा दहाच्या आत नसेल."

तिला हसता हसता ठसका लागला. आईनं पाणी दिलं. पाणी खरं तर टर्नरला हवं होतं. अठ्ठ्याऐंशीतून सहासष्ट वजा केले तर किती येतात हे त्याला पाटी न घेता कळत होतं.

"शाळा तो कागद थेट तिकडे पाठवते का?" त्यानं विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. सहज."

बोलायची ती वेळ होती. दुसरी वेळ दुसऱ्या दिवशी होती, तिसरी त्याच्या दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवस म्हणजे पंधरा वेळा तो बोलणार होता. मनात म्हणत राहिला, एवढे कागद येतात, कोण बघतंय. तीस वर्षं तपासनिसांना माल देणाऱ्या माणसानं हे म्हणावं यासारखा विनोद नाही.

•

मोजमाप खोलीच्या निवड परीक्षेला कोण बसणार त्याची यादी लागली, त्याच सकाळी तासाभरात परीक्षा होती. कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या फळ्यावर सतरा क्रमांक होते. बारकीनं वरून खाली वाचले, खालून वर वाचले. तिचा नव्हता.

"राहिला असेल लिहायचा," ती म्हणाली. "वर जाऊन विचारू."

दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी कारकून. त्यानं गठ्ठ्यातून कागद काढला आणि काचेखालून सरकवला. "प्रत्यक्ष सहासष्ट. अपेक्षित अठ्ठ्याऐंशी. फरक बावीस. माफ करा."

"मी अठ्ठ्याऐंशी लिहिलेलंच नाही," बारकी म्हणाली. "मी तर..."

आणि तिनं कागदाकडे पाहिलं.

टर्नरचा आठ साऱ्या वर्कशॉपला ठाऊक होता. पाठीत वाकलेला, खालचं शेपूट ओढत चाललेल्या म्हाताऱ्यासारखा. कपाटाच्या दारावर दहा वर्षं तिनं तो पाहिला होता. इथे तसे दोन म्हातारे शेजारी शेजारी उभे होते.

टर्नर तिच्या शेजारी उभा होता. तिनं मान वळवली नाही. कारकून म्हणाला, "बोला, काय म्हणत होतात?"

"काही नाही," बारकी म्हणाली. "फरक बावीसच आहे. बरोबर आहे तुमचं."

ती जिना उतरायला लागली. टर्नर मागून. पहिला मजला गेला तरी ती बोलेना. ओरडली असती तर बरं झालं असतं, बापाला निदान ऐकून घ्यायचं काम मिळालं असतं. शेवटच्या पायरीवर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी भरीन परत." आवाज अगदी साधा होता. कारकुनासमोर तिनं बापाची अब्रू झाकली होती आणि त्यासाठी स्वतःचं एक वर्ष देऊन टाकलं होतं. 

टर्नरचे पाय थांबले.

"तू इथे थांब," तो म्हणाला आणि परत वर चढायला लागला. बावन्न पायऱ्या. इतक्या वर्षांत तो मान वर करून ज्या मजल्यांकडे बघत आला होता, त्या मजल्यांवर तो पहिल्यांदा एकटा चालला होता, आणि चालला होता कशाला, तर तोंड काळं झालंय ते दाखवायला.

•

मोजमाप खोलीची प्रमुख पन्नाशीची बाई होती. चष्मा साखळीला, राखाडी कोट, हातात चहा. टर्नरनं कारकुनाकडून मागून आणलेला कागद त्यांच्यापुढे ठेवता ठेवताच सुरुवात केली, नाहीतर धीर गेला असता.

"तो अठ्ठ्याऐंशी माझा आहे. पोरीनं चौसष्ट लिहिले होते. मी पुसले."

प्रमुखांनी कप खाली ठेवला. "का?"

"कमी वाटले."

"कोणाला?"

"मला. शाळेच्या बाईंना. गल्लीला." तो थांबला. "मलाच म्हणा."

"तुम्ही काय करता?"

"टर्नर आहे. तीस वर्षं."

"टर्नर?" प्रमुखांनी चष्मा डोळ्याला लावून त्याच्याकडे नीट पाहिलं. "टर्नर असून *पुसलंत*?"

शाळेत कोणी असं विचारलं नसतं. मावशीनंही विचारलं नसतं. हा घाव फक्त आपल्या धंद्यातलं माणूसच घालू शकतं. टर्नरनं मान खाली घातली आणि घातलेलीच ठेवली.

"असं कोणीही येऊन सांगेल," प्रमुख म्हणाल्या. "काल एका आईनं सांगितलं की मुलाचा हात चुकून पडला म्हणून पंच्याण्णव लिहिले गेले. पुरावा काय?"

टर्नरकडे काय पुरावा असणार? तो कागदाकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "ती दाबून लिहिते."

प्रमुखांनी दुसरं काही विचारलं नाही. टेबलावरचा दिवा आडवा केला, कागद त्याच्या उजेडात तिरपा धरला, जसा घासलेला पृष्ठभाग बघतात तसा. खोडरबरानं शिसं गेलं होतं, पण पेन्सिलीनं पाडलेला चर तसाच होता. ८८ च्या खाली सावलीसारखा ६४ उभा होता. त्याच्या पुढे इकडे-तिकडे ३. आणि वरच्या रिकाम्या रकान्यात, पुसलेल्या जागी, *पटकन बोलणं. पाठांतर.*

प्रमुखांनी ते सगळं सावकाश वाचलं. *राग येत नाही* पाशी जरा जास्तच वेळ थांबल्या.

"फरक दोन," त्या म्हणाल्या. "हद्द तीनची होती, त्यात बसलं. ठीक. अठरावी म्हणून बसवते. यापलीकडे काही मागू नका. दहा मिनिटांत सुरू होतंय."

टर्नर बावन्न पायऱ्या कशा उतरला ते त्याच्या गुडघ्यांना विचारा.

"वर चल. खरं सांगून आलो."

बारकीनं त्याच्याकडे पाहिलं. "सगळं?"

"सगळं."

"माझ्यासाठी रदबदली नाही ना केलीत?"

"अगं, त्या बाईपुढे माझीच बोबडी वळली होती. रदबदली कसली करतोय!"

•

खोलीला एका बाजूनं काच होती. पालकांना आत बंदी, कारण माणसाच्या अंगाच्या उष्णतेनंही तिथली मापं हलतात. बाहेर बाकावर बसलेले बाप आणि आया काचेला नाक लावून बघत होते. एकानं आपल्या मुलाला दोन्ही अंगठे दाखवले. मुलानं तोंड फिरवलं.

आत प्रत्येकापुढे दहा तुकडे, एक मायक्रोमीटर, एक कागद. आधी अंदाज लिहायचा, मग हद्द, मग मोजून आलेलं माप. टर्नरला ऐकू काही येत नव्हतं, पण वाचायला येत होतं. बारकीनं पहिला तुकडा उजव्या हातात घेतला, बोटांत फिरवला, खाली ठेवला, लिहिलं. मोजलं. एक रेघ मारली. म्हणजे पहिलाच चुकला! टर्नरनं बाकाची कड घट्ट धरली. शेजारच्या मुलानं कागद झाकून काहीतरी गिचमिड केलं. बारकीनं रेघेखालचा आकडा तसाच उघडा ठेवला आणि दुसरा तुकडा घेतला.

दुसरा. तिसरा. चौथा. तिचा डावा हात हलायला लागला तेव्हा तिनं तो मांडीवर ठेवून दिला, उजव्यानं काम चालू. टर्नरला हसू आलं. हे त्या कागदावर लिहिलेलं होतं आणि त्यानं ते वाचलं होतं, फक्त खरं मानलं नव्हतं.

सातव्याला ती अडली. अंदाज लिहिला. मायक्रोमीटर उचलला, आणि परत ठेवला. तुकडा तळहातावर घेतला, मग हाताच्या पालथ्या बाजूला लावला. इकडे तिकडे पाहिलं. बाकीचे सगळे पुढे निघाले होते. घड्याळात बारा मिनिटं राहिली होती. तिनं तुकडा लांब सरकवला, मापाची जागा कोरी सोडली, एक ओळ लिहिली आणि आठवा घेतला.

"काय करतेस गं," टर्नर काचेला म्हणाला. "लिही काहीतरी!"

काचेनं ऐकलं नाही.

•

दुपारी प्रमुख स्वतः यादी लावायला बाहेर आल्या. सहा क्रमांक, एकाखाली एक. बारकी चौथी.

टर्नर वाचत राहिला. त्याला वाटलं, आपल्याकडून कुठे पाचव्याला चौथा वाचला तर नाही गेला. मग बारकीनं त्याच्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की शंका मिटली.

"दहापैकी सात अंदाज हद्दीत," प्रमुख म्हणाल्या. "अशी मुलं मला दरवर्षी मिळतात. पण प्रत्येकाचा सातवा तुकडा मी सकाळपासून दिव्याखाली ठेवला होता. कोमट. कोमट लोखंड फुगलेलं असतं, त्याचं खरं माप येत नाही. सोळा जणांनी झटकन मोजलं आणि आकडा लिहिला. दोघांनी नाही." त्यांनी कागद दाखवला. सातव्या रकान्यात दाबून लिहिलं होतं: *गरम आहे. आत्ता सांगता येणार नाही.*

मग त्या टर्नरकडे वळल्या. "तुम्ही असतात तर?"

खोटं बोलायची हौस त्याची एकदाच भागली होती. "घाई असती तर मोजून मोकळा झालो असतो," तो म्हणाला.

"वाटलंच," प्रमुख म्हणाल्या. पण हसल्या.

•

बारकीचा राग घरी परतताना निघाला. तो ती दिवसभर जपून होती.

"अठ्ठ्याऐंशी कुठून काढलात?"

"मनातून."

"मी घाबरून कमी लिहिलं असं वाटलं तुम्हाला. हो ना? बाबा, मी दहा वर्षं तुमच्याकडे काय शिकले मग? त्या खोलीत सहा जण घेतात. *सहा.* मला ते मोठं वाटत होतं. मी रात्रंदिवस त्याचंच... आणि तुम्हाला ते इतकं बारीक वाटलं की खोडरबरानं जाईल?"

रस्त्यात दोन बायका वळून बघायला लागल्या. टर्नर म्हणाला, "हळू गं."

"नाही हळू! तिथे हळू बोलले ना मी. इथे नाही."

"बरं. ओरड."

ती दोन चौक ओरडली. तिसऱ्या चौकात तिचं संपलं.  चांगल्या टूलाखाली लोखंड जसं मुकाट कातलं जातं तसा तो चालत राहिला, आणि त्याला आतून असं काही वाटत होतं की ते रागावलेल्या पोरीला दिसू नये म्हणून त्यानं रुमाल काढून उगाच नाक पुसलं. अभिमान वेळकाळ बघत नाही.

•

आठ महिन्यांनी एका सकाळी वर्कशॉपच्या दारात टेम्पो थांबला. टेम्पोवाल्यानं मागचं फळकूट पाडलं आणि पेटी उतरवली. चाळीस शाफ्ट, टर्नरनं गेल्या आठवड्यात पाठवलेले.

"परत?" टर्नर म्हणाला. "माझा माल?"

"चाळीसच्या चाळीस," टेम्पोवाला म्हणाला. "चिठ्ठी आत आहे. तुमच्याच बारकीनं बाहेर काढले, म्हणे. प्रमुखांनी परत मोजले, तेच निघालं."

चिठ्ठीत एकच ओळ: एका टोकाला दोन शतांश जाड.

शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि दोन शतांश म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. टर्नरनं एक शाफ्ट घेतला, दोन्ही टोकं मोजली. पोरगी बरोबर होती. मग त्याला शंका आली म्हणून त्यानं मागच्या खेपेतला उरलेला शाफ्ट शोधून काढला. तोही जाड. त्याच्या मागच्या खेपेचा, तोही. लेथचा मागचा आधार कधीतरी केसभर सरकला होता आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्या नाही आणि कारखान्यातल्या कुठल्याही तपासनिसाच्या नाही.

"अरे, दोन शतांशानं काय आभाळ कोसळतंय?" वेल्डर म्हणाला. "घरात बोल ना पोरीला. बापाचा माल आहे म्हणावं, जरा डोळा मीट."

"तू बोल."

"मी कशाला? पोरगी तुझी."

"म्हणूनच. मला घरात राहायचंय." टर्नर चिठ्ठी घेऊन बाहेर निघाला होता.

"कुठे चाललास?"

"चहाच्या टपरीवर."

"चिठ्ठी घेऊन?"

त्या सकाळी गल्लीत असा कोणी उरला नाही ज्यानं ती चिठ्ठी वाचली नाही. टपरीवाल्यानं वाचली, शेजारच्या छापखान्यानं वाचली, मावशी वाटेत भेटली तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, "म्हणजे तुझं काम चुकलं, असंच ना?"

"चुकलं!" टर्नर छाती काढून म्हणाला. "इतक्या जणांत एकीनं पकडलं!"

मग तो परत आला, मागचा आधार सरळ केला, आणि पहिला शाफ्ट लेथला लावला.

संध्याकाळी बारकी घरी आली. हातपाय धुतले, जेवायला बसली.  आई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"माल परत आला," टर्नर म्हणाला.

"हो," बारकी म्हणाली.

"चाळीसच्या चाळीस."

"हो."

"दोन-चार तरी सोडायचे."

"नीट करून पाठवा, बाबा. नाहीतर तेही परत येतील."

आईला हसू आवरेना. टर्नरनं ताट पुढे सरकवलं आणि आणखी एकदा वाढून घेतलं.